टाईन नदीवर सॅल्मन आणि ट्राउट: सोलापुरातनं जाणाऱ्या पोरांसाठी

आमच्या मित्राचा भाचा येत्या सप्टेंबरात इंग्लंडात, टाईन नदीकाठच्या न्यूकॅसलला शिकायला चाललाय. भीमेकाठचं पोरगं, गळाचा नाद लहानपणापासनं, चिलापी धरत वाढलेलं, त्यानं परवा विचारलं की काका तिकडं नदीवर मासे धरायला मिळतात का आणि इथनं काय काय न्यायचं. मी त्या भागात चार वर्षं नोकरीला होतो, टाईन नदीवरच्या एका अँगलिंग क्लबचा मेंबर होतो, त्यामुळं फोनवर सांगायला बसलो तर तास गेला आणि अर्धं राहूनच गेलं. म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतोय, सोलापुरातनं बरीच पोरंपोरी तिकडं जायला लागलीत, ज्याला नाद आहे त्याच्या कामाला येईल.

आधी परवानगीचं बघा. आपल्याकडं गळ टाकून काठावर बसलेल्या पोराला कोणी काही विचारत नाही, तिकडं तसं अजिबात नाही. इंग्लंडमध्ये समुद्राची भरती जिथवर येते तिथनं वरच्या नदीत मासे धरायचा हक्क काठच्या जमिनीच्या मालकाचा असतो, आणि क्लब म्हणजे काय तर हौशी लोकांनी एकत्र येऊन तो हक्क भाड्यानं नाहीतर विकत घेतलेला असतो, अमुक कुंपणापासनं तमुक पुलापर्यंत, नकाशावर प्रत्येक डोहाला नाव असतं. त्यामुळं दोन कागद खिशात पाहिजेत. एक सरकारी रॉड लायसन्स, ते एन्व्हायर्नमेंट एजन्सीचं, ऑनलाइन पाच मिनिटात मिळतं, वय १३ किंवा जास्त असलं की लागतंच. त्यात परत दोन प्रकार, एक ट्राउट आणि बाकीच्या गोड्या पाण्यातल्या माशांचं, दुसरं सॅल्मन आणि सी ट्राउटचं, म्हणजे समुद्रातनं नदीत परत येणाऱ्या माशांचं. दुसरं महाग आहे पण ते काढलं की पहिल्याची गरज नाही. एक दिवसाचं, आठ दिवसाचं, वर्षाचं असं मिळतं, नवीन माणसानं एक दिवसाचं काढून बघावं. आणि दुसरा कागद क्लबचं परमिट. नुसतं लायसन्स आहे म्हणून पाण्यात उतरलात तर ती चोरीच धरतात, आणि काठावर बेलिफ फिरत असतो. आपल्याकडं बेलिफ म्हटलं की कोर्टाची नोटीस आठवते, तिथला बेलिफ म्हणजे नदीचा राखणदार, तो कागद बघायला मागणार, त्याला हसून दाखवायचा, कारण त्याच्याएवढी त्या नदीची माहिती कुणाला नसते.

क्लबची वर्षाची मेंबरशिप लगेच मिळेल असं धरून चालू नका, काही ठिकाणी वेटिंग असतं. मी पहिलं वर्ष दिवसाच्या तिकिटावर काढलं आणि क्लबच्या श्रमदानाला जात राहिलो, त्यातनं ओळखी झाल्या आणि दुसऱ्या वर्षी दोघा जुन्या मेंबरांनी माझं नाव सुचवलं. मला तोच रस्ता बरा वाटतो.

सीझनचं गणित पक्कं डोक्यात ठेवा. टाईनवर सॅल्मन १ फेब्रुवारी ते ३१ ऑक्टोबर, सी ट्राउट ३ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, आणि नदीतला साधा ब्राऊन ट्राउट २२ मार्च ते ३० सप्टेंबर. इतर भागात तारखा वेगळ्या, मित्र यॉर्कशायरला असला म्हणून त्याची तारीख तुम्हाला चालत नाही. सप्टेंबरात जाणाऱ्याचं नशीब असं की ट्राउटचे मोजके दिवस हाताला लागतात आणि सॅल्मनचा शरदातला भर नेमका सुरू झालेला असतो. बंदी कशासाठी तर नोव्हेंबर-डिसेंबरात हे मासे वरच्या ओढ्यांमधल्या खडीत शेपटीनं खळगे करून अंडी घालतात, त्या वेळी गाभोळी भरलेल्या माशाला कुणी हात लावू नये म्हणून.

आता पाणी. माझा सगळ्यात जास्त वेळ गळ टाकण्यात नाही तर पाणी बघण्यात गेला, आणि हे सोलापूरच्या माणसाला वेगळं शिकवायला लागत नाही, कारण उजनीतनं पाणी सोडलं की भीमेचं काय होतं ते बघतच आपण मोठे झालोय. टाईनच्या दोन शाखा आहेत, नॉर्थ टाईन आणि साउथ टाईन, त्या हेक्सहॅम गावाच्या वरच्या अंगाला एकमेकींना मिळतात. आपल्या हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात ना, मला पहिल्या दिवशी तेच आठवलं होतं, दोन रंगाचं पाणी बराच लांबपर्यंत शेजारी शेजारी चालतं. नॉर्थ टाईनच्या डोक्यावर किल्डर नावाचं धरण आहे, १९८१ साली पूर्ण झालं, म्हणजे आपली उजनी १९८० ची, दोघी एका वयाच्या. पण किल्डरमध्ये पाणी मावतं फक्त सात टीएमसीच्या आसपास आणि उजनीत ११७, तरी इंग्लंडात साठ्याच्या हिशोबानं ते सगळ्यात मोठं धरण. साउथ टाईनवर असं मोठं धरण नाही, ती अल्स्टनच्या डोंगरातनं येते, वर पाऊस पडला की काही तासात फुगते आणि तशीच भराभर उतरते.

याचा उपयोग असा. सॅल्मन समुद्रातनं नदीत येतो तो वाढलेल्या पाण्यावर स्वार होऊन येतो, आणि पाणी वाढत असताना तो चालत असतो, थांबत नाही, गळाकडं बघत नाही. पाणी उतरायला लागलं आणि निवळायला लागलं की तो डोहात विसावतो, आणि ते काही तास, फार तर दीड दोन दिवस, हीच खरी वेळ. मी रंगावरनं ठरवायचो. नदी दुधाच्या चहासारखी दिसत असेल तर घरी बसून गळ बांधत बसा. कोऱ्या चहासारखी झाली, म्हणजे लालसर तपकिरी पण आरपार दिसणारी, गुडघाभर पाण्यात आपल्या बुटाचं टोक दिसायला लागलं, की सुट्टी टाकून निघा. तो लालसर रंग वरच्या दलदलीच्या काळ्या मातीचा असतो, घाण नाही. पाणी पातळीचे आकडे ऑनलाइन दिसतात, कॉलेजमधनं बघता येतं, आणि न्यूकॅसलहून हेक्सहॅमला रेल्वेनं पाऊण तासाच्या आत पोचता येतं, रूळ नदीच्या काठानंच जातात त्यामुळं खिडकीतनंच कळतं. काठावर गेल्या गेल्या पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचा, अर्ध्या तासानं बघायचं, दगड बुडाला का उघडा पडला. एवढ्यावर दिवस कसा जाणार ते कळतं.

किल्डरचं अजून एक सांगतो. धरणामुळं वरच्या अंडी घालायच्या जागा बुडाल्या, त्याची भरपाई म्हणून तिथं सॅल्मनची पिल्लं वाढवायचं केंद्र काढलं. आणि खाली न्यूकॅसलजवळ नदीची अवस्था त्याआधी इतकी वाईट होती, कारखाने आणि शहराचा मैला थेट पाण्यात, की १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी टाईनमध्ये गळाला सॅल्मन लागणं जवळजवळ बंदच पडलं होतं. मैलापाणी थेट सोडणं थांबवलं, पाणी सुधारलं आणि मासा परत आला, इतका की इंग्लंडमधली सॅल्मनची सगळ्यात चांगली नदी म्हणून तिचं नाव घ्यायला लागले. मी हे सांगतोय कारण आपल्याकडं नदी एकदा नासली की संपली असं लोक धरून चालतात, आणि मी स्वतः त्या काठावर उभं राहून संध्याकाळी मासा हवेत उडी मारताना बघितलाय.

सामान आणि सराव. इथनं फार काही नेऊ नका. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसतं, दोरीला असतं, जाडसर दोरी हवेत फिरवून तिच्या जोरावर पिसांची खोटी माशी लांब टाकायची असते, त्यामुळं आपली शिशाचं वजन बांधून भिरकवायची सवय तिथं आडवी येते. ट्राउटला नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड बस होतो, नंबर म्हणजे त्याला चालणाऱ्या दोरीच्या वजनाचा. सॅल्मनला मोठ्या नदीवर दोन हातानं धरायचा तेरा ते पंधरा फुटी रॉड लागतो, तो महाग, पण क्लबमधल्या म्हाताऱ्या मेंबरांच्या गॅरेजमध्ये दोन-चार पडलेले असतात आणि मनापासनं विचारलं तर देतात.

सराव मात्र सोलापुरातच करून जा, इथं तो फुकट आहे आणि कुणी बघायला नाही. पहाटे मोकळ्या मैदानावर, गवत असेल तर उत्तम, सिमेंटवर दोरी घासून खराब होते. गळाच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधायचा, गळ नको, मागनं कुणी फिरायला आलेलं असतं. पंचवीस पावलांवर एक टॉवेल अंथरायचा आणि त्याच्यावर लोकर पडेपर्यंत टाकत राहायचं. हाताचं वळण कसं तर आपली सोलापुरी चादर झटकायला दोघं दोन टोकं धरतात ना, एकानं झटका दिला की लाट पलीकडं पोचेपर्यंत दुसरा थांबतो, मध्येच ओढली तर चादर गोळा होते. तसंच. रॉड मागं नेला की थांबायचं, दोरी मागं पूर्ण उलगडेपर्यंत, आणि मग पुढं. नव्या माणसाचं सगळं चुकतं ते या थांबण्यात. मी मान वळवून मागं बघत बघत शिकलो, पंधरा दिवस मान दुखत होती पण वेळ अंगात बसली. काठावर मागं झाडं असली की मागं दोरी नेताच येत नाही, तिथं रोल कास्ट लागतो, म्हणजे दोरी मागं न उडवता पाण्यावरनंच पुढं उलगडत टाकायची, तो गवतावर नीट जमत नाही, दोरीला पाण्याची पकड लागते, त्याच्यासाठी एखाद्या तळ्याच्या कडेला जा, हिप्परग्याचा तलाव त्याला चांगला आहे, फक्त लोकरच बांधा, तिथं मासे धरायचा हक्क दुसऱ्यांचा आहे.

गाठी. माझे आजोबा मागावर होते, तुटलेला धागा ते एका हातानं, न बघता जोडायचे, आणि मला वाटलं होतं तीच गाठ नायलॉनला चालेल. नाही चालत, नायलॉन गुळगुळीत असतो, ताण पडला की सुटते, मी असा एक चांगला ट्राउट घालवलाय. नायलॉन नायलॉनला जोडायला ब्लड नॉट, दोन्ही बाजूनं चार-पाच वेढे, आणि आवळायच्या आधी गाठ तोंडात धरून ओली करायची, कोरडी आवळली तर घर्षणानं तापून धागा कमजोर होतो. मग जोरात ओढून बघायची, तुटायची असेल तर ती आत्ता तुटू दे.

खोट्या माश्या बांधायला मी इथंच शिकलो असतो तर बरं झालं असतं असं आता वाटतं, कारण सगळं सामान आपल्या बाजारात आहे. स्टोट्स टेल म्हणून सॅल्मनची एक जुनी साधी फ्लाय आहे, काळं अंग, त्याच्यावर रुपेरी तारेचे वेढे, काळ्या केसांचं पंख. काळ्या रेशमी धाग्यानं गळाची दांडी गुंडाळायची, त्याच्यावर साडीच्या काठाची जर उसवून निघालेली एक तार चार वेढे देऊन पिळायची, वेढ्या-वेढ्यातलं अंतर सारखं ठेवायचं, आणि पुढं काळ्या शेळीच्या केसांची बारीक चिमूट, आगपेटीच्या काडीएवढी जाड, त्याहून जास्त नाही, घट्ट बांधून नखाला लावायच्या पॉलिशनं गाठ बंद करायची. पाण्यात धरली की ते केस श्वास घेतल्यासारखे हलतात. सोलापुरात बसून अशा पन्नास बांधल्या तर हात बसतो. फक्त त्या बरोबर नेऊ नका, पिसं, केस अशा प्राण्यांच्या वस्तूंचे नियम विमानतळावर कडक असतात, हात घेऊन जा आणि सामान तिकडं घ्या. आणि गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायची सवय इथनंच लावून घ्या, तिथं बहुतेक क्लबात तो नियमच आहे.

आता प्रत्यक्ष सॅल्मन. सगळ्यात आधी हे समजून घ्या की नदीत आलेला सॅल्मन खात नाही. समुद्रात खाऊन जी चरबी साठवली त्याच्यावर तो महिनोन्महिने काढतो. मग माशी तोंडात का घेतो, तर राग, जुनी सवय, अंगावर आलेल्या वस्तूला झटकणं, लोक वेगवेगळं सांगतात. म्हणजे भूक लागलेल्या चिलापीला कणकेची गोळी दाखवायचा हा प्रकार नाही, एखादा मासा कधीतरी चिडेल म्हणून तुम्ही त्याच्या नाकासमोरनं परत परत माशी नेत असता.

डोहाच्या तोंडाशी, जिथं खळाळ संपून पाणी खोल व्हायला लागतं तिथं उभं राहायचं. पाण्याच्या धारेला आडवं आणि खालच्या बाजूला, साधारण ४५ अंशात दोरी टाकायची. मग काही करायचं नाही, धार दोरीला ओढत माशीला गोलाकार आपल्या काठाकडं आणते, तेवढं बघायचं. मधल्या धारेत पाणी जोरात असेल तर दोरीला पोट येतं आणि माशी पळायला लागते, तेव्हा रॉडच्या टोकानं दोरी उचलून वरच्या बाजूला टाकायची, याला मेंड म्हणतात. माशी काठाला लागली की पाच मोजायचे, थोडी दोरी ओढायची, दोन पावलं खाली सरकायचं, परत टाकायची. असं करत डोहाच्या शेपटापर्यंत. एका डोहाला तास जातो. पाणी गार असेल तर मोठी माशी, खोल आणि सावकाश, कोमट असेल तर बारीक, वरच्या थरात आणि जरा वेगात.

इथं शिस्तीचं एक. कुणी आधीच डोहात असेल तर त्याच्या वरच्या अंगानं, मागनं उतरायचं, कधीही त्याच्या पुढं खाली जाऊन उभं राहायचं नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात ही चूक केली, मला वाटलं मोकळी जागा आहे, आणि एका वयस्कर मेंबरनं काहीही न बोलता दोरी गुंडाळली आणि निघून गेला. मला ते फार लागलं. पुढच्या रविवारी जाऊन माफी मागितली आणि त्यानंतर त्यांनीच मला बाकीचं सगळं शिकवलं.

पहिला मासा मी कसा घालवला ते सांगतो म्हणजे तुमचा जाणार नाही. ऑक्टोबरातली संध्याकाळ, माशी काठाकडं येत होती आणि एकदम कुणीतरी दोरीचं टोक हातात घेऊन हळूच ओढल्यासारखं झालं. चिलापी टोचते तेव्हा आपण झटका देतो, माझ्या हातानं तेच केलं, आणि दोरी ढिली. सॅल्मन माशी तोंडात धरून वळतो, तो वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, तुम्ही झटका दिला तर वळायच्या आतच तोंडातनं ओढून काढता. त्यासाठी रीलजवळ हातभर दोरी ढिली धरून ठेवायची, ओढ लागली की ती जाऊ द्यायची, रील वाजायला लागलं, वजन जाणवलं, की मग रॉड वर. हात आवरायला मला सगळा पुढचा सीझन लागला.

लागला की फार वेळ खेळवू नका. नायलॉन बारा-पंधरा पौंडी ठेवायचा तो यासाठीच. तो खाली पळाला तर काठानं त्याच्या बरोबर चालत जायचं, उडी मारली तर रॉडचं टोक खाली करायचं, आणि रॉड सरळ वर धरण्यापेक्षा आडवा धरून बाजूनं ओढ दिली तर तो लवकर दमतो. जास्त वेळ झुंजलेला मासा सोडल्यावरही मरतो.

आणि सोडायचा आहेच. १६ जूनच्या आधी धरलेला सॅल्मन कायद्यानं सोडावाच लागतो, त्यानंतरही बरेच क्लब सगळे सोडायला लावतात, आणि गळानं धरलेला सॅल्मन विकणं तर २००९ पासनं बंदच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधला अटलांटिक सॅल्मन धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. आपल्यातला कुणी म्हणेल की मग धरायचा कशाला, माझं उत्तर असं की त्या नदीची रोजची राखण हे धरणारेच करतात, बाकी कुणाला तिथं वाकून बघायला वेळ नाही. खायचा असेल तर दुकानात मिळतो, तो पिंजऱ्यात वाढवलेला असतो, त्याला आपला काळा मसाला लावून तव्यावर भाजा, चिलापीची आठवण जाते.

सोडायची पद्धत नीट वाचा. मासा दमून आडवा झाला की बिनगाठीची हातजाळी पाण्यात धरून त्याला तिच्यावर ओढून घ्यायचं, जाळी उचलायची नाही, ती पाण्यातच राहू द्यायची. हात आधी ओले करायचे, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. पकडीनं गळ जसा गेला त्याच वाटेनं मागं काढायचा. फोटो हवाच असेल तर मासा पाण्यालगत धरून एक, तोंडातनं थेंब पडायचे थांबायच्या आत परत पाण्यात. वजन करायला लटकवायचं नाही, रॉडवर खुणा करून लांबी मोजायची, ७५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर साधारण साडेचार किलोचा. मग एका हातानं शेपटीचं मनगट, दुसरा तळवा पोटाखाली, तोंड धारेकडं करून धरायचं. मागं-पुढं हलवायचं नाही. कल्ले आधी थांबत थांबत उघडतात, मग एका तालात, मग हाताखाली पाठीचा स्नायू कडक व्हायला लागतो, आणि एका क्षणी शेपटी तुमच्या मुठीतनं स्वतःच निघून जाते. मी सोडलेली पहिली मादी तांबूस झाली होती, पोट भरलेलं, तिला उभं राहायला सहा-सात मिनिटं लागली, माझे हात बधिर झाले होते, आणि ती गेल्यावरही मी तसाच वाकून उभा होतो, कारण ती गेली ती वरच्या कुठल्यातरी ओढ्यात हजारो अंडी घालायला.

शेपटीला मनगट म्हटलं ते ओळखीचंही आहे. सॅल्मनची शेपटी बुडाशी बारीक होते, मुठीत बसते, कडेला थोडी खाचदार असते. सी ट्राउटची कडा जवळजवळ सरळ, मुठीतनं निसटते, आणि वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, अंगावर ठिपके जास्त. सी ट्राउट म्हणजे समुद्रात जाऊन आलेला ब्राऊन ट्राउटच, जात एकच. वसंतात एखादा बारीक, डोकं मोठं आणि पोट खपाटीला गेलेला सॅल्मन लागेल, तो अंडी घालून परत समुद्राकडं निघालेला केल्ट, त्याला लगेच सोडा. आणि बोटभर मासे, ज्यांच्या कुशीवर कुणीतरी बोटं उमटवल्यासारखे गडद डाग असतात, ती सॅल्मनची पिल्लं, लहान ट्राउट समजू नका.

ट्राउटचं सगळं उलटं, हा खातो, आणि सारखा खातो. तोंड धारेकडं करून एका जागी उभा राहतो आणि वाहत येणारं टिपतो, म्हणून आपण त्याच्या मागनं, खालच्या अंगानं वर चालत जायचं, वाकून, पाय न आपटता. पाण्यावर गोल उठताना दिसलं की त्याच्या हातभर वर माशी पडली पाहिजे आणि ती खऱ्या किड्यासारखी मोकळी वाहत आली पाहिजे, दोरीनं जरा ओढली तरी त्याला कळतं. कुठली माशी लावायची ते पुस्तकात बघू नका, पाण्यातला एक दगड उलटा करा, खाली चिकटलेले किडे त्याच रंगाचे आणि त्याच आकाराचे बांधा.

पोहायला येतं म्हणून पाण्यात बिनधास्त जाऊ नका, हे आईबापांसाठीही लिहितोय. भीमेत आपण पोहतो ते कोमट पाण्यात. ऑक्टोबरात टाईनचं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं, पडलात की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो आणि तेवढ्यात माणूस पाणी पितो. छातीपर्यंतचे रबरी वेडर घातले की कमरेला पट्टा आवळलाच पाहिजे, फुगणारं लाइफ जॅकेट, हातात काठी, आणि एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पडलाच तर पाठीवर, पाय खालच्या दिशेला करून वाहत जा, धारेच्या विरुद्ध झुंजू नका. उन्हाळ्यात उलट प्रश्न असतो, पाणी वीस अंशांकडं गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा सॅल्मनला हातच लावायचा नाही. सोलापूरच्या माणसाला वीस अंश ऐकून थंडी वाटेल पण त्या माशासाठी तो कडक उन्हाळा.

घरी आल्यावर सामान तपासायचं, धुवायचं, कोरडं करायचं, अगदी बुटाच्या लेसपर्यंत, एका नदीतली कीड दुसरीत जाऊ नये म्हणून. सोलापुरात गच्चीवर तासात वाळलं असतं, तिथं दोन-तीन दिवस हीटरजवळ टांगावं लागतं.

क्लबच्या कामाला जात जा. आमच्यात जूनमध्ये काठावरचं हिमालयन बाल्सम उपटायचा दिवस असायचा, ही आपल्या हिमालयातली गुलाबी फुलाची तेरड्याची बहीण, १८३९ साली बागेसाठी नेली आणि ती सगळ्या काठावर माजली, थंडीत मरते आणि उघडा पडलेला काठ पुरात ढासळून खडीवर माती बसते, त्या खडीत अंडी गुदमरतात. उजनीत जलपर्णी बघितलेल्याला हे लगेच पटतं. दुसरं काम किड्यांच्या मोजणीचं, जाळी धरून तीन मिनिटं पायानं तळ ढवळायचा, जे जमतं ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून आठ प्रकारचे किडे मोजायचे, आकडा एकदम पडला तर वर कुणीतरी काहीतरी सोडलंय. मला हे काम मासे धरण्याइतकंच आवडायचं.

शेवटचं काम वर्ष संपताना. सॅल्मनचं लायसन्स काढलंय तर किती दिवस गेलात, किती धरले, किती सोडले हे एन्व्हायर्नमेंट एजन्सीला कळवावंच लागतं, ऑनलाइन फॉर्म आहे, क्लबच्या वहीत लिहिलेलं वेगळं, हे वेगळं. एकही मासा लागला नसेल, एकदाही गेला नसाल, तरी शून्य लिहून पाठवायचं, ते शून्यही मोजणीत धरतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या फॉर्मवर अकरा दिवस आणि शून्य मासे असं आहे.